सव्वीस पॅड आणि एक चिठ्ठी: माझ्या वहिनीचं प्रकरण

वहिनीला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "नाव नका टाकू वन्सं, बाकी सगळं लिहा, कोणाला तरी उपयोग होईल." म्हणून पहिल्यापासून सगळं सांगते, आकड्यांसकट. कारण या प्रकरणात खरं काम आकड्यांनीच केलंय.

वहिनी ४२ वर्षांची. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातलं आमचं गाव, घरी शेती, दोन म्हशी आणि सकाळी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायचं काम. दोन लेकरं, धाकटीच्या वेळी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. पाळी आधी पाच दिवसांची असायची, ती दीडेक वर्षापासून आठ-नऊ दिवसांवर गेली. पहिले तीन दिवस तर रात्री खाली जुना टॉवेल घालून झोपायची आणि तरी गादीला डाग. लिंबाएवढ्या गाठी पडायच्या. हे सगळं आम्हाला नंतर कळलं बरं का, तेव्हा घरात फक्त "अंगावरून जरा जास्त जातंय" एवढंच माहीत होतं, आणि आमच्याकडे बायकांच्या अंगावरून जास्त जाणं म्हणजे पाऊस पडल्यासारखं, होतंच, त्यात काय सांगायचं.

नवरात्रात घट बसणार आणि नेमकी तारीख तेव्हाच, म्हणून तिने मेडिकलवाल्याकडून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी नाही, काही नाही, "ताई दिवसाला तीन घ्या" एवढंच. त्या आधी गावातल्या एका लग्नाच्या वेळीही घेतल्या होत्या. ती गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, हार्मोन असतं. गोळी चालू आहे तोवर गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. दसऱ्याला बंद केली आणि जे सुरू झालं ते कोजागिरी उलटून कितीतरी दिवस झाले तरी थांबलं नाही. एका सकाळी म्हशीची धार काढून उठली आणि गोठ्यातच चक्कर येऊन पडली. दादा म्हणाला उपास धरलेत म्हणून झालं असेल.

मी पुण्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, भाऊबीजेला गावी गेले. ओवाळताना वहिनीचा हात बघितला, नखं पांढरीफटक, डोळ्याच्या खालची पापणी ओढून बघितली तर तिथे लाल म्हणून काही नव्हतंच. मग भाचीनं सांगितलं की आई माझी पाटीवरची पेन्सिल खाते. रोज दोन-तीन! वहिनी लाजली, म्हणाली काय की, वास आला की राहवत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं खावंसं वाटणं हे बऱ्याचदा शरीरातलं लोह संपल्याचं लक्षण असतं. खोड नाहीये ती. कितीतरी बायका ती लपवून ठेवतात आणि घरचे हसतात, मला त्या दिवशी हसू आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दादा तिला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला, मी पण सोबत. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ७.६, फारच कमी. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले काय त्रास होतो, वहिनी म्हणाली खूप जातं. सोनोग्राफीचा कागद बघून ते म्हणाले, "पिशवीला गाठ आहे, सूज आहे. वय चाळीसच्या वर, लेकरं झालीत, पिशवी काढून टाका, ठेवली तर उद्या कॅन्सर होईल. रक्ताच्या दोन बाटल्या चढवू आणि सोमवारी करून टाकू." आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत सात-आठ मिनिटं झाली असतील. किती दिवस जातं, किती पॅड लागतात, आधी कोणती गोळी घेतली, एकही प्रश्न नाही. आणि गोळीची चिठ्ठी? नाही. चिठ्ठी होती ती ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांची.

घरी आल्यावर आई म्हणाली, "माझी पण काढली होती पस्तिसाव्या वर्षी, काय झालं मला?" आईच्या गुडघ्यांचं, कंबरेचं, रात्री अंगातून वाफा निघण्याचं काय झालं ते आम्ही वीस वर्षं बघतोय, पण त्या वेळी मी गप्प बसले. बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २०१९ साली विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी आकडा सांगितला होता, आमच्या एका जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली, त्यात कितीतरी ऊसतोडणीला जाणाऱ्या. फडावर पाळीमुळे खाडा पडतो, पैसे कापले जातात, म्हणून काढून टाकलेली. पिशवी काढणं कधीच गरजेचं नसतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, काही बायकांचा जीव त्यानेच वाचतो. पण गोळीची एक चिठ्ठी सुद्धा न देता थेट पिशवी? हे मला पटेना. दादाला म्हणलं मला पंधरा दिवस दे, तोवर सोमवार पुढे ढकल. दादा चिडला, पण ढकलला.

माझ्या लॅबमधल्या एका सिनियर मॅडमनी मला आधी एक पद्धत सांगितली होती. रक्त किती गेलं ते कोणी मोजत नाही, आणि पुस्तकातली जुनी व्याख्या म्हणजे एका पाळीत ८० मिली पेक्षा जास्त गेलं तर जास्त, पण घरी मिलीत कोण मोजणार. म्हणून पॅड बघून मार्क द्यायचे. नुसता डाग पडलेला पॅड १ मार्क, मध्यम भिजलेला ५, पूर्ण भरलेला २०. छोटी गाठ १, मोठी गाठ ५. सगळ्या दिवसांची बेरीज १०० च्या वर गेली की जास्त जातंय असं धरतात. तंतोतंत नाहीये ते, पण "खूप" या शब्दापेक्षा लाखपटीने बरं.

वहिनी कपडा वापरायची, त्यामुळे मी एकाच कंपनीचे, एकाच साइझचे पॅड आणून दिले, म्हणलं हा एक महिना हेच वापरा आणि बदलताना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण करा. पूर्ण भरलेल्याला फुली, मध्यमला आडवी रेघ, डागाला टिंब, मोठ्या गाठीला गोल. आईने विचारलं तर? वहिनी म्हणाली दुधाचा हिशोब आहे म्हणून सांगेन, पण शेवटी तिने आईला खरंच सांगितलं आणि आईने काहीच म्हटलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी "आज फुली मारली का" म्हणून आठवण केली. मला हे फोनवर कळलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं.

आठ दिवसांचा हिशोब असा झाला: ११ फुल्या, ९ रेघा, ६ टिंबं, ४ गोल. म्हणजे २२० अधिक ४५ अधिक ६ अधिक २०, एकूण २९१. सव्वीस पॅड. वहिनीने स्वतः बेरीज केली आणि म्हणाली, "वन्सं, मला वाटायचं मीच नाजूक झाले, काम होत नाही म्हणून."

कॅलेंडरचं ते पान फाडून आम्ही अंबाजोगाईला एका लेडी डॉक्टरकडे गेलो. मॅडमनी विचारलं किती जातं, आणि वहिनीने काही न बोलता पान टेबलावर ठेवलं. मॅडमनी चष्मा वर केला, पान हातात घेतलं, बोटाने एकेक दिवस मोजला. तिथून पुढे पाऊण तास गेला. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण चिठ्ठी लिहिण्याआधी काय काय विचारलं पाहिजे ते मला त्या दिवशी समजलं.

दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, संबंधानंतर रक्त जातं का. तांबी बसवलीय का (तांबीने पण पाळी वाढते, वहिनीची नव्हती). बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला का, लहानपणी घोळणा फुटायचा का, अंगावर निळे डाग पडतात का. हे का विचारतात, तर काही बायकांना जन्मापासूनच रक्त गोठण्याचा दोष असतो, व्हॉन विलब्रँड नावाचा, आणि तो वर्षानुवर्षं "पाळी जास्त आहे" याच्याखाली लपून राहतो. मग उलट्या बाजूचे प्रश्न: पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली का, तुम्हाला किंवा आईवडिलांना, भावाबहिणींना? लकवा, हार्ट अटॅक? किडनीचा त्रास? ॲसिडिटी, अल्सर, दमा? आणि शेवटी, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या? वहिनीने नवरात्राच्या गोळीचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या म्हणून तर इतकं लांबलं, ती पाळी धरायची नाही, ही कॅलेंडरवरची खरी.

तपासण्या: हिमोग्राम, फेरिटिन, थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीसाठी), आणि ऑपरेशन झालेलं असलं तरी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. सोनोग्राफी परत, या वेळी खालून. गाठ होती, २.२ सेंटिमीटरची, पण ती गर्भाशयाच्या भिंतीत होती, आतल्या पोकळीला धक्का न लावणारी. मॅडम म्हणाल्या असल्या गाठी या वयात कितीतरी बायकांना असतात, त्यांचा कॅन्सर होणं फार फार दुर्मिळ. वय चाळीसच्या वर आणि त्रास दीड वर्षाचा म्हणून अस्तराचा तुकडा तपासायला घेतला, बारीक नळीने, ओपीडीतच, भूल न देता. वहिनीला कळ आली, दोन मिनिटं पोटात पिळवटून निघालं म्हणाली, पण चहा पिऊन उठली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, नॉर्मल. कॅन्सरच्या भीतीने दादा तोवर नीट जेवला नव्हता हे मला नंतर कळलं. फेरिटिन आलं ५. म्हणजे लोहाचं कोठार रिकामं, पेन्सिलीचं कोडं तिथेच सुटलं.

आणि मग चिठ्ठी. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्या दिवसातून तीनदा, जास्त जायला लागेल त्या दिवसापासून, जास्तीत जास्त चार दिवस. मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, तीनदा, जेवणानंतर, त्याच दिवसांत, पोटदुखीसाठी आणि थोडं रक्त कमी करायला. लोहाची गोळी रोज एक, महिन्याने एचबी. चिठ्ठीच्या मागे स्वतःच्या अक्षरात मराठीत: तासाला एक पॅड भरतोय असं सलग दोन-तीन तास झालं, किंवा चक्कर, छातीत धडधड, तर वाट न बघता दवाखाना. एक पाय सुजला, पोटरी दुखली, अचानक दम लागला, तर गोळी बंद आणि लगेच या.

वहिनीने विचारलं की या गोळीने पाळी बंद होणार का. मॅडमनी समजावलं ते मला फार आवडलं. ही हार्मोनची गोळी नाही. पाळीच्या वेळी गर्भाशयात रक्ताच्या बारीक गुठळ्या होऊन शिरांची तोंडं बंद होत असतात, आणि शरीर त्याच वेळी त्या गुठळ्या विरघळवत पण असतं. काही बायकांमध्ये विरघळवणारं काम जास्त जोरात चालतं. ही गोळी ते विरघळवणं रोखते, बस. म्हणून ती पाळी यायच्या आधी घेऊन काही उपयोग नाही, आणि पाळी संपल्यावर पण नाही. घरी येऊन मी वाचलं की हे औषध १९६२ साली जपानमध्ये उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधलं. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी काहीतरी करायचं हा त्यांचा ध्यास होता, आणि उताको बाई लेकीला पाठीला बांधून लॅबमध्ये काम करायच्या. वहिनीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग ती गोळी बाईनेच काढली म्हणा की."

आता इथे गोष्ट सोपी संपायला हवी होती, पण नाही संपली.

पहिल्या महिन्यात फरकच पडला नाही. कॅलेंडरवर बेरीज २६२. दादा म्हणायला लागला की बघ, गोळ्यांनी काही होत नसतं, सोमवारीच केलं असतं तर. वहिनी पण खचली. मी म्हणलं गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठवा. फोटो बघितला आणि डोक्याला हात लावला. मेडिकलवाल्याने ट्रॅनेक्झॅमिक ५०० आणि मेफेनॅमिक २५० अशी एकत्र असलेली गोळी दिली होती, आणि वरून सांगितलं होतं की "दिवसाला सहा-सहा गोळ्या नसतात लागत ताई, सकाळ-संध्याकाळ एक-एक घ्या". म्हणजे चिठ्ठीत दिवसाला ३ ग्रॅम आणि वहिनीच्या पोटात जात होतं १ ग्रॅम! तीन भागांतला एकच भाग. त्यातही तिने सुरुवात तिसऱ्या दिवशी केली होती, कारण पहिल्या दोन दिवशी शाळेत हळदीकुंकू होतं आणि गोळीने मळमळलं तर काय म्हणून.

मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या एकत्र गोळी चुकीची नाही, पण डोस मी लिहिला तोच हवा, आणि त्या गोळ्या सहा घेतल्या तर मेफेनॅमिकचा हिशोब पण बसतो, पण मला दोन्ही वेगळ्या हव्यात म्हणजे पोट दुखलं नाही तर मेफेनॅमिक थांबवता येईल. नवीन चिठ्ठी दिली आणि त्यावर "बदलू नये" असं मोठ्या अक्षरात लिहिलं. दादा स्वतः गेला, पाकिटावरचं नाव चिठ्ठीशी अक्षर अक्षर ताडून आणलं.

दुसरा महिना: ६ फुल्या, ८ रेघा, ७ टिंबं, १ गोल. १२०, ४०, ७, ५. बेरीज १७२. अजून १०० च्या वरच, पण २९१ वरून १७२! साधारण चाळीस टक्के कमी, आणि या गोळीकडून साधारण एवढीच अपेक्षा असते, जादू नाही. पहिल्या दिवशी मळमळ झाली, एकदा जुलाब झाले, बाकी काही नाही. रात्री टॉवेल घातला नाही, हे तिने मला वेगळा फोन करून सांगितलं.

लोहाच्या गोळीचं मात्र बरेच दिवस जमत नव्हतं. पोट जड, शौचाला काळी आणि घट्ट. काळी होणं नॉर्मल असतं हे आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. त्यात वहिनी गोळी चहासोबत घ्यायची, आणि चहाने लोह अंगाला नीट लागत नाही. मग सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा तासाभराने असं ठरवलं. तरी त्रास होता तर मॅडमनी दिवसाआड करायला सांगितलं, त्यानेही लोह चांगलं शोषलं जातं म्हणाल्या. गोळी सोसलीच नाही तर शिरेतून लोह द्यायचा पर्याय होता, त्याची वेळ आली नाही. एचबी ७.६ वरून पाच आठवड्यांत ९.२ आणि शिमग्याच्या सुमाराला ११.३. रक्ताची एकही बाटली चढवली नाही. पेन्सिल कधी सुटली ते तिलाही आठवत नाही, भाची म्हणते संक्रांतीनंतर पाटीजवळच्या डब्यात पेन्सिली उरायला लागल्या.

आता पुढचं. मॅडमनी सांगितलंय की ही गोळी काही महिने चालवता येईल, पण दर महिन्याला चार दिवस सहा-सहा गोळ्या नको असतील तर हार्मोनची तांबी बसवता येते, लेव्होनॉर्जेस्ट्रेलची. ती कॉपरच्या तांबीच्या उलट काम करते, रक्त गोळीपेक्षा बरंच जास्त कमी करते आणि काही वर्षं टिकते, पण सुरुवातीचे काही महिने डाग पडत राहू शकतात आणि महाग आहे. सहेली म्हणून आपण जिला ओळखतो, सरकारी दवाखान्यात छाया नावाने मिळते, ती लखनौच्या संस्थेत शोधलेली ऑर्मेलॉक्सिफिन गोळी पण या त्रासाला वापरतात, तो एक पर्याय. आणि ऑपरेशन शेवटी आहेच, ते कोणी हिरावून घेतलेलं नाही. वहिनीने अजून ठरवलं नाहीये. तिचं म्हणणं, आधी आषाढीपर्यंत गोळ्यांवर बघते, मग तांबीचं बोलू.

मला विचाराल तर पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना वहिनीने "खूप" म्हणलं त्यात तिची चूक नव्हती, "खूप म्हणजे किती" विचारणं त्यांचं काम होतं. तरी पण ते पान घेऊन गेल्याने बोलणं बदललं हे मी डोळ्याने बघितलंय. आणि गोळीचा डोस कमी पडतोय हे पण त्या पानानेच पकडलं, नाहीतर गोळी फेल म्हणून वहिनी आज ऑपरेशन होऊन घरी पडलेली असती.

काल या महिन्याच्या पानाचा फोटो आला. १४८. खाली आईच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय, "गोळ्या वेळेवर घेतल्या, मी बघितलं."